फंक्शन मला कळलं, शालन

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि या महिन्यात तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या नाहीत असा माझा एकही दिवस गेलेला नाही. क्लासमध्ये लोक येतात, फार गुणी मुलगी होती म्हणतात, आणि मी मान हलवते. गुणी तू होतीसच. पण पक्की लबाड होतीस, हे त्यांना कुठं ठाऊक आहे? ते मला ठाऊक आहे, आणि तेही तू गेल्यावर कळलं.

जूनमध्ये साताऱ्याच्या एसटी स्टँडवर तू मला तोंडावर सांगितलंस की मला फंक्शन कळत नाही, म्हणून तू माझ्याबरोबर वर्ग काढणार नाहीस. एवढ्यावरून आपली दोन वर्षांची मैत्री मोडली. हे मी कुणाला सांगितलं तर लोक हसतील. बायका दागिन्यांवरून भांडतात, पोरांवरून भांडतात, नळाच्या पाण्यावरून भांडतात. आपण दोघी जावास्क्रिप्टच्या फंक्शनवरून भांडलो आणि पाच महिने एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. पुढे पाहायला तू राहिलीच नाहीस.

तू आलीस तेव्हा मी सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवून जुनी झाले होते. सांगलीच्या गावभागात, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर, सहा मशिनं आणि त्यातली चार चालू. खालून इस्त्रीचा वास यायचा, वर पंखा कुरकुरायचा. साताऱ्याला बी.एस्सी. करून तू आली होतीस. मी गाव विचारलं, तू माण म्हणालीस. मी शहाणपणानं म्हटलं, म्हणजे दुष्काळी. तू पिशवी खाली ठेवत म्हणालीस, “पाऊस दुष्काळी हाय. मानसं न्हाईत.” त्या क्षणी मला तू आवडलीस आणि तुझा रागही आला. पुढची दोन वर्षं तेच चाललं.

मग एक दिवस सर एक जाडजूड पुस्तक आणि मासिकाबरोबर आलेली सीडी घेऊन आले आणि म्हणाले, पाडव्यापासून इंटरनेटची बॅच. इंटरनेट कुठं होतं? टेलिफोनची तार सरांच्या घरापर्यंत आली होती, क्लासपर्यंत नव्हती. पण सीडीतला ब्राउझर मशिनवर चढवला की आपणच लिहिलेली पानं त्यात उघडायची, आणि त्या पानांना हलतं-बोलतं करायला जावास्क्रिप्ट होती. सरांनी पुस्तक आपल्या दोघींच्या मध्ये ठेवलं, नवऱ्यानं भाजीची पिशवी ठेवावी तसं, आणि निघून गेले. सकाळी पुस्तक माझ्याकडे, दुपारी तुझ्याकडे.

मी आधी सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकलेली, त्यामुळे माझी मान ताठ. तुझं सगळं नवं, त्यामुळे तुला लाज नाही. माझी पद्धत अशी की जे चालतंय ते उचलायचं आणि लागेल तिथं चिकटवायचं. त्याच त्या अकरा ओळी मी एका पानात सात ठिकाणी चिकटवल्या होत्या. तू मागून बघत होतीस. उद्या त्यात चूक निघाली तर काय करशील, असं तू विचारलंस. सात ठिकाणी दुरुस्त करीन, मी म्हटलं. “सहा ठिकानी करशील,” तू म्हणालीस. “सातवं इसरशील.” चार दिवसांनी चूक निघाली आणि सातवं मी विसरले. हे तुला कधी कबूल केलं नाही. आता करते.

पोरांना तू फंक्शन शिकवायचीस ते मी दाराशी उभी राहून ऐकायची, वहीत काहीतरी लिहिल्याचं सोंग करत. तू म्हणायचीस, एका कामाला नाव द्या. ते काम कसं करायचं ते एकदाच लिहून ठेवा. नुसतं लिहून ठेवलं म्हणजे ते होत नाही. हवं तेव्हा त्या नावानं हाक मारायची, लागणारं सामान त्याच्या हातात द्यायचं, आणि काम झालं की उत्तर परत घ्यायचं. एवढंच. तुझ्या फंक्शनांची नावं तरी काय, ‘मोज’, ‘शोध’, ‘जोड’, ‘आण’, सगळी रोमन अक्षरांत लिहिलेली. सर म्हणायचे की इंग्रजी नावं द्या, बरं दिसतं. तू हो म्हणायचीस आणि द्यायची नाहीस. माझी नावं होती एफ एक, एफ दोन, एफ तीन. पंधरा दिवसांनी एफ दोन काय करतो हे मलाच पाहावं लागायचं, आणि तू आपला डबा उघडायचीस. बाजरीची भाकरी, मटकी, आणि एक मिरची जी मी कधीच खाऊ शकले नाही.

आपला पहिला मोठा वाद उत्तरावरून झाला. माझी फंक्शनं काम झालं की स्वतःच पडद्यावर छापून मोकळी व्हायची. तुला ते पटायचं नाही. ज्यानं विचारलं त्याच्या हातात उत्तर द्यावं, ते दाखवायचं की पुढच्या कामाला वापरायचं हे त्याचं त्यानं ठरवावं, असं तुझं म्हणणं. मी म्हणायची, शेवटी दिसायलाच हवंय ना, मग इथंच का नको? तू म्हणालीस, “तुझं फंक्शन बोलतं लय. देत काय न्हाई.” हे तू फंक्शनबद्दल बोललीस की माझ्याबद्दल, यावर मी दोन दिवस विचार करत होते. तुझ्या बोलण्यात असलं काहीतरी नेहमी असायचं आणि विचारलं की तू साळसूद.

मग पाडवा आला. सरांनी क्लासला आंब्याची डहाळी बांधली, पेढे आणले, आणि उद्घाटनाला एका निवृत्त मुख्याध्यापकांना बोलावलं. पान मी केलं होतं. चौकटीत नाव लिहायचं, बटण दाबायचं, की नमस्कार आणि पुढं ते नाव. तुला मी बघूसुद्धा दिलं नाही, कारण तू काहीतरी काढलं असतंस. मुख्याध्यापक खुर्चीत बसले, मी पान उघडलं, आणि त्यांनी कशाला हात लावायच्या आधीच पडद्यावर नमस्कार आला आणि पुढं मोकळी जागा. सगळे हसले. त्यांनी एका बोटानं सावकाश आपलं नाव लिहिलं, बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही. माणूस भला, म्हणाले, यंत्र आज आनंदात आहे, आधीच नमस्कार करून बसलं. मी तुझ्याकडे पाहिलं तर तू पेढे वाटत होतीस.

दुसऱ्या दिवशी तू वर्गात, पोरांच्या देखत, माझी चूक फळ्यावर मांडलीस. नाव घेतलं नाहीस, पण सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा राग मी अजून सोडलेला नाही. मात्र तू जे सांगितलंस ते त्या जाड पुस्तकात कुठंच नव्हतं.

तू सांगितलंस की दिवाळी झाली की तुझे आबा मेंढरं घेऊन घाटाखाली निघायचे ते पार पावसाळा तोंडावर आला की यायचे. निघताना घरी राहणाऱ्या चुलतीला सगळं सांगून ठेवायचे. पाऊस आला तर कडब्याच्या गंजीवर ताडपत्री टाक. पाहुणा आला तर अमक्याकडून दूध आण. चुलती ते ऐकून घ्यायची आणि भाकरी थापत राहायची. ती ताडपत्री घेऊन तेव्हाच पळत सुटायची नाही. पळाली असती तर उन्हात झाकलेला कडबा आतून घामेजून कुजला असता, आणि खरंच पाऊस आला तेव्हा ती म्हणाली असती, मी तर माझं काम केलंय. तू फळ्यावर फंक्शनचं नाव लिहिलंस, त्यापुढं कंस काढलास आणि पुसलास. नावापुढं कंस दिला की ‘आत्ता कर’. कंस न देता नुसतं नाव बटणाच्या हाती दिलं की ‘सांगून ठेवलं, दाबतील तेव्हा कर’. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, काल आपल्या पानावर कंस दिला होता, त्यामुळे काम तेव्हाच उरकलं आणि बटणाचा हात रिकामाच राहिला. एक पोरगं म्हणालं, म्हणजे म्याडम, आपली चुलती ताडपत्री घेऊन पळाली. सगळा वर्ग हसला. पुढं वर्षभर मला मागून चुलती म्हणायचे, हे तुला ठाऊक होतं आणि तू ते थांबवलं नाहीस.

मी तुझ्याशी तीन दिवस बोलले नाही. त्या तीन दिवसांत सगळी पानं उसवली, एफ एक, एफ दोनला नावं दिली, सात ठिकाणच्या ओळी एका ठिकाणी आणल्या. चौथ्या दिवशी मशिन तुझ्यापुढं सरकवलं. तू बघितलंस आणि म्हणालीस, “मंजे, तू चिडलीस की लय ग्वाड शिकतीस.” मी हसले. किती मूर्ख मी. तू तेव्हा मला वाचत होतीस आणि मला वाटलं तू कौतुक करतेस.

तरी एक गोष्ट मी मान्य केली नाही. तू म्हणायचीस, फंक्शन ही वस्तू आहे, आकड्यासारखी, नावासारखी. ती उचलून दुसऱ्याच्या हातात देता येते, यादीत ठेवता येते, एका फंक्शनला दुसरं फंक्शन सामान म्हणून देता येतं. मी म्हणायची, काम ही वस्तू कशी असेल? काम चालू असतं नाहीतर नसतं. मी सीतलं काय काय काढून तुला सांगायची आणि तू ऐकून घ्यायचीस, आणि शेवटी म्हणायचीस की आबांनी चुलतीला दिलेलं काम वर्षातले सहा महिने चुलतीच्या पदरात नुसतं पडून असायचं, मग ते वस्तू नाहीतर काय. हा वाद कृष्णेच्या घाटावर, भेळेच्या गाड्यावर, तुझ्या खोलीच्या जिन्यात, कुठंही सुरू व्हायचा. घरमालकीण एकदा म्हणाली, तुम्ही दोघी जमिनीच्या वाटणीवरून भांडताय का?

त्या जिन्यातच मी तुला बाबांचं सांगितलं. माझं डिग्रीचं शेवटचं वर्ष, बाबांना अर्धांग, आई शाळेत नोकरीला. मी परीक्षा सोडली आणि आठ महिने त्यांच्याजवळ बसले. ते गेले, परीक्षा गेली, आणि मी पुन्हा फॉर्म भरला नाही. म्हणून मी सी शिकले, म्हणून मी या लाँड्रीच्या वर. नाहीतर मी कुठल्या कुठं असते, असं मी म्हणाले, आणि बरंच काय काय म्हणाले. तू गप्प होतीस. तुझं गप्प बसणं म्हणजे ऐकणं नसायचं, साठवणं असायचं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

साताऱ्याला आपला वर्ग काढायचा बेत तुझा. माणची, फलटणची, कोरेगावची पोरं साताऱ्याला शिकायला येतात, त्यांना कुणीतरी त्यांच्या बोलीत शिकवलं पाहिजे, असं तू म्हणायचीस. पोवई नाक्याजवळ पहिल्या मजल्यावरची खोली आपण दोनदा पाहिली. खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा. तू खिडकीत उभी राहून म्हणालीस, फळा या भिंतीला नको, पोरं किल्ल्याकडं बघत बसतील. वर्गाच्या नावावरूनही भांडून झालं. जूनमध्ये मालकाला शब्द द्यायला आपण निघालो. मी सांगलीहून आले, तू तानाजीदादाकडे, तुझ्या भावाकडे, आधीच जाऊन राहिली होतीस. तू स्टँडवर मला घ्यायला आलीस. तुझ्या कोपराच्या आत चिकटपट्टीची चौकोनी खूण होती. मी विचारलं, तू म्हणालीस, खिळा लागला.

कोपराच्या आतल्या बाजूला खिळा कुणाला लागतो? पण मी वर्गाच्या पाटीचा रंग काय असावा यात होते.

कँटीनमध्ये चहा आला, आणि तू तो फुंकत, बशीकडे बघत म्हणालीस, “मंजे, तुला फंक्शन कळत न्हाई. तुज्यासंगं मी वर्ग काढनार न्हाई.” मला वाटलं थट्टा करतेस. मग मी विचारलं, मग कुणाबरोबर काढणार? तू एकटी म्हणालीस. मी त्या टेबलावर काय काय बोलले ते तुला आठवत असेल. तुला गावंढळ म्हणाले. मेंढरं राखायची सोडून कॉम्प्युटरला आलीस म्हणून शेफारलीस, असं म्हणाले. हे शब्द माझ्या तोंडून निघाले, शालन, आणि तू पाच बोटं टेबलावर पसरून बसलीस. तुला उठून माझ्या एक मुस्काटात मारता येत होतं. मी चहा तसाच टाकून परतीच्या गाडीत बसले आणि कराड येईपर्यंत रडले, नंतर रागानं रडूही येईना.

आणि मग मी शिकले. आता हे ऐक. रोज क्लास सुटल्यावर दोन तास त्या जाड पुस्तकाशी बसले. एका फंक्शनच्या पोटात दुसरं लिहून पाहिलं. फंक्शनं ओळीनं यादीत ठेवली आणि यादीतून एकेक काढून हाक मारली. सामान कमी दिलं तर काय होतं, जास्त दिलं तर काय होतं, सगळं करून पाहिलं. एकच ‘छाट’ नावाचं फंक्शन लिहिलं जे स्वतः काही ठरवत नाही, कशावरून छाटायचं ते काम आपण बाहेरून त्याच्या हाती द्यायचं, की ते त्यानुसार यादीतलं नको ते गाळून उरलेलं परत देतं. ते पहिल्यांदा चाललं तेव्हा मी खुर्चीतून उठले. वस्तूच आहे. फंक्शन वस्तूच आहे. तुझं बरोबर होतं, आणि हे मी तुला सांगणार नव्हते, दाखवणार होते. सगळं एका फ्लॉपीवर घेतलं होतं. दिवाळीत साताऱ्याला येणार, तुझ्या एकटीच्या वर्गात घुसणार, फ्लॉपी मशिनमध्ये घालणार आणि म्हणणार, आता बोल.

मधे कुणीतरी सांगितलं की त्या खोलीत शिवणक्लास निघालाय, तुझी पाटी कुठंच नाही. मला बरं वाटलं. आपटली, असं मी मनात म्हटलं. तू तेव्हा मिरजेला होतीस, माझ्यापासून सहा मैलांवर, आणि तुझ्या अंगावर माझ्या ओळखीचं वजन उरलं नव्हतं. मी मिरजेला त्या पाच महिन्यांत तीनदा आले. एकदा चष्मा करायला, दोनदा लग्नाला.

तानाजीदादा आला त्या दिवशी मी तोच धडा घेत होते. फळ्यावर नाव, त्यापुढं कंस, कंस पुसलेला. मला दुसरं उदाहरण सुचत नाही म्हणून तुझ्याच आबांचं, तुझ्याच चुलतीचं. दारात तो दिसला. मी ओळखलं. मला वाटलं, बाईंनी माघार घेतली, भावाला समेटाला धाडलंय. मी त्याला हातानं बाकावर बस म्हटलं आणि धडा चालू ठेवला. धडा संपला तरी मी पोरांना मुद्दाम आणखी एक उदाहरण करायला लावलं, अर्धा तास, त्याला ताटकळत ठेवायला. तो टोपी मांडीवर घेऊन बसला होता. एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

पोरं गेली. मी म्हटलं, बोला. तो उभा राहिला. “ताई, शालन गेली. धा दिस झालं.” मग पोटातल्या गाठीचं, जूनमधल्या तपासणीचं, मिरजेच्या दवाखान्यातल्या खाटेचं, शेवटी गावी नेल्याचं सगळं त्यानं सांगितलं, सावकाश, पाठ केल्यासारखं. मी विचारलं की एवढे दिवस मला का कळवलं नाही. तो म्हणाला, शालननं सांगून ठेवलं होतं. दहावा झाल्यावरच जायचं. वर्ग चालू असेल तर मधे बोलायचं नाही, बाहेर थांबायचं. आणि आधी कुणी मंजूला कळवलं तर तिची शपथ.

मी त्याला खाली बसवलं, खालून चहा मागवला, आणि पुन्हा विचारलं, का? त्यानं टोपीची घडी घातली. मग म्हणाला, “ती म्हनली, मंजूनं बापासाटनं एकदा शिकायचं सोडलंय. माज्यासाटनं सोडील. म्या तिला आसं कायतरी बोलते की ती चिडंल. चिडली की शिकती ती.”

चहा आला. तानाजीदादानं घेतला. मी नाही.

तर शालन, तुझी योजना पार पडली. मी चिडले, मी शिकले. सरांनी परवा मला विचारलं, पुढच्या वर्षीपासून सगळी वरची बॅच तुम्ही घ्याल का. पुण्याहून एकजण आला होता, दोन हजार साल लागताना जुनी यंत्रं बंद पडतील म्हणून त्याला माणसं हवीत. माझी फ्लॉपी बघून त्यानं विचारलं की हे तुम्हाला कुणी शिकवलं. मी म्हटलं, एका लबाड बाईनं. तो हसला, त्याला वाटलं मी विनोद केला.

तू मला शिकवलंस. तुझ्याइतकं मला कुणी शिकवलं नाही, आणि हे मी रागात असतानाही म्हणते. फळ्यापुढं उभी राहते तेव्हा माझा हात तुझ्यासारखा हलतो. एखादं पोरगं चुकलं की मी त्याला उत्तर सांगत नाही, तुझ्यासारखं विचारते, आता उद्या काय होईल सांग. पण मला विचारलं कुणी होतं? तानाजीदादाला काम नेमून दिलंस, तुझ्या आईला गप्प केलंस, मला रागावर लावून दिलंस, आणि स्वतः सगळ्यांना आपापलं सांगून ठेवून मोकळी झालीस. फंक्शन वस्तू आहे हे मी मान्य केलं. माणूस नाही, शालन. माणसाच्या हाती काम ठेवून निघून जायचं, आणि ते काम कशासाठी होतं हे त्याला नंतर कळू द्यायचं, हे शिकवणं नव्हे. त्या कँटीनमध्ये तू मला जे बोलायला लावलंस ते माझ्या तोंडात कायमचं राहिलंय. मी मेंढरांवरून बोलले. तू मेलेली आणि मी ते बोललेली. हे कुठल्या पुस्तकातून दुरुस्त करू?

आणि सगळ्यात जास्त राग मला त्या जिन्यातल्या गोष्टीचा येतो. ती कुरकुर होती गं. माझी परीक्षा बुडाली, माझं आयुष्य असं झालं, हे मी दर पावसाळ्यात कुणालातरी सांगतेच. जी माणसं अशी कुरकुर करतात ती वेळ आली की तेच काम पुन्हा आपल्या खुशीनं करतात, हे तुझ्यासारख्या हुशार बाईला कळू नये? पण मग वाटतं, तुला कळणार कसं. मी तुला अर्धंच सांगितलं होतं.

परीक्षा बुडाली ते सांगितलं. राहिलेलं अर्धं कुणालाच सांगितलेलं नाही, कारण ते सांगायची लाज वाटते. त्या आठ महिन्यांत दुपारी बाबा जागे असले की मी त्यांना पेपर वाचून दाखवायची, मुद्दाम चुकीचा, आणि ते वाकड्या तोंडानं हसायचे. दर रविवारी मी त्यांची नखं काढायची. डावा हात त्यांना कळायचा नाही, म्हणून त्या हाताची मी जास्त जपून काढायची. बाहेर माझ्या मैत्रिणी पास होत होत्या, आणि मी त्या खोलीत होते, आणि मला कुठंही जायचं नव्हतं. बाप मरत असताना मी सुखात होते, शालन. त्यानंतर तेवढी कधीच नव्हते. हे तुला सांगितलं असतं तर तू मला पहिल्याच दिवशी मिरजेला बोलावलं असतंस, फंक्शन न कळणारी मंजू म्हणूनच.

तानाजीदादाला मी सगळं विचारलं. कुठल्या मजल्यावर होतीस, जेवायचीस का, शेवटी बोलत होतीस का. तुझी नखं कोण काढत होतं, हे मात्र मला विचारवलं नाही.